बुडाला नाही, बुडवून ठेवला आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्तानं आपण घेतलेल्या स्पर्धेचा निकाल रविवारच्या पुरवणीत वाचला. दुसऱ्या क्रमांकाचं छायाचित्र पाहून हे पत्र लिहायला बसले. आटत चाललेला तलाव, भेगाळलेला काठ, उथळ पाण्यात अर्धा बुडालेला एक लाकडी डोंगा, वर करडं आभाळ. खाली ओळ छापली आहे, ‘अखेरचा प्रवास : मरणपंथाला लागलेला व्यवसाय’. परीक्षकांनी त्यातल्या करुण शांततेचं कौतुकही केलं आहे.

तो डोंगा मी ओळखते, त्याच्या मालकालाही ओळखते. डोंगा बुडालेला नव्हता. मालकानं दरवर्षीप्रमाणे उन्हं तापायला लागल्यावर तो स्वतःच्या हातानं बुडवून ठेवला होता आणि पाऊस धरल्यावर बाहेर काढला. सध्या तो तलावात रोज फिरतो आहे.

छायाचित्र जरा मोठं करून पाहा. डोंग्याच्या पोटात दगड रचलेले दिसतील, दोन्ही टोकांकडे सारखे. बुडणारा डोंगा आपण होऊन दगड भरून घेत नाही. टोकाला बांधलेली नायलॉनची दोरी काठावरच्या खुंटाला गेलेली दिसते, आणि ती नवी आहे. हे सगळं त्या चौकटीत आहे. छायाचित्रकारानं ते टिपलं, छापखान्यानं ते स्वच्छ छापलं, फक्त कुणी वाचलं नाही.

डोंगा बुडवायचं कारण नागपूरच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दाराच्या चौकटी आवळतात, पाटाला भेग पडते. फळ्यांचा डोंगा अशा उन्हात काठावर पालथा घालून ठेवला, तर फळ्या सुकून आखडतात आणि सांधे उघडतात. एकदा सांधा नीट उघडला की पुढच्या पावसाळ्यात कितीही डांबर भरा, पाणी आत येतच राहतं. लाकूड ओलं राहिलं तर फुगलेलं राहतं आणि फळी फळीला घट्ट धरून ठेवते. शिवाय पाण्याखाली वाळवी पोचत नाही, आणि हवा कमी म्हणून कुजणंही मंदावतं. म्हणून तलावात सर्वांत शेवटी जिथं पाणी उरतं अशी जागा पाहून डोंगा दगड घालून खाली बसवतात. तळ्याचं पाणी उतरत गेलं की त्याची टोकं उघडी पडतात. नेमकं तेव्हाच कॅमेरेवाले येतात.

छापलेलं पान घेऊन मी मालकाकडे गेले. त्यांना मी भाऊ म्हणते, ते मला ताई. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, “बुडाला नाही जी ताई, बुडवून ठेवला हाये. मरनपंथाले कोन लागलं?” तोवर हे पान दुसऱ्या कुणी पाहिलंच होतं. एकानं सांत्वनाचा फोन केला. दुसऱ्यानं जळाऊ लाकडाचा भाव विचारला. हे ऐकून मला हसू आलं, भाऊंना आलं नाही. दरवर्षी डोंगा भाड्यानं नेणारा शिंगाडेवाला या वर्षी दुसरीकडे बोलणी करून आला, कारण भाऊंचा डोंगा गेला असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. चुकीच्या ओळीचे पैसे कुणाच्या खिशातून जातात ते आपल्याला कळावं म्हणून हे लिहिते.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर ही बाई कोण शहाणी असं वाटेल. महालात आमचा फोटो स्टुडिओ होता. सासऱ्यांनी काढलेला, मग यजमानांनी चालवलेला, आणि त्यांच्यानंतर मी. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे रिटचिंगचं काम आलं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं बारीक ठिपके देऊन देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळायची. पुढे कृष्णधवल फोटोंना रंग द्यायचं काम आलं: लुगड्याला हिरवा, ओठांना गुलाबी. छायाचित्र खोटं कसं बोलतं हे मी त्या पेन्सिलीनं शिकले. तो धंद्याचाच भाग होता, गिऱ्हाइकाला हवं असायचं, आणि त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. वर्तमानपत्राचा मामला वेगळा आहे.

माहेर माझं पवनीचं, वैनगंगेच्या काठचं. घाटावर डोंगे लागलेले लहानपणापासून पाहिले. गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते बसली, आणि पुढे धरण भरलं तशी तिथली वाहती नदी बरीचशी जलाशयासारखी झाली. स्टुडिओ बंद केल्यावर हातात वेळ आला, तेव्हा पाण्याजवळ जावंसं वाटू लागलं. नागपूरपासून फार लांब नाही अशा एका तलावाच्या आडबाजूला भाऊंची जागा आहे. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथं प्री-वेडिंगच्या गाड्या उभ्या राहतील.

गोदी हा शब्द फार मोठा होईल. एक बाभूळ, तिच्या आधारानं बांधलेली पत्र्याची शेड, वेल्डिंगचं मशीन, डांबर वितळवायचा काळाठिक्कर पडलेला डबा, आणि पाण्यापर्यंत गेलेला उतार. त्या उतारावर लाकडी ओंडके आडवे टाकले आहेत. डोंगा त्यांवरून लोटत पाण्यात नेतात. बाजूला कुणाच्या तरी मोडक्या पेडल बोटी. त्यांतला एक हंस मान तुटून पडलेला आहे, आणि त्याचेही फोटो बरेच निघाले आहेत. काय करुण कल्पना सुचल्या असतील देव जाणे! हंसाची मान त्याच्या शेजारीच प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली असते, जोडायची म्हणून.

लाकडी डोंगा आता क्वचितच नवा होतो. सागाचे भाव भाऊंसारख्याला परवडत नाहीत. ज्या मुलखातला साग संसदेच्या नव्या इमारतीत गेला आणि ज्या बल्लारशाहहून अयोध्येच्या मंदिराला गेला, तिथल्याच ढीवराला, म्हणजे मासेमाराला, आपल्या डोंग्यासाठी फळी मिळत नाही. हा माझा टोमणा समजा, पण खरा आहे. तेव्हा नवीन काम पत्र्याचं. पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेनं वेडावाकडा होतो, म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ सांधत जात नाहीत. आधी दूरदूर टाके घालतात, एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि पत्रा निवू देत देत मधल्या जागा भरतात. घाई केली की बाजू पापडासारखी वळते. बसायच्या फळीखाली थर्माकोलचे ठोकळे बंद करून टाकतात, उलटला तरी डोंगा तळाला जाऊ नये म्हणून.

मला सगळ्यांत आवडतं ते पुढचं काम. वेल्डिंग झाल्यावर सांध्याला बाहेरून चुन्याची पातळ निवळी फासतात आणि वाळू देतात. मग आतून त्याच सांध्यावर रॉकेल लावतात. रॉकेल मोठं चिवट, जिथं पाणी शिरणार नाही अशा केसाएवढ्या भोकातूनही ते बाहेर येतं. थोड्या वेळानं पांढऱ्या चुन्यावर एकेक करडा डाग उमटायला लागतो. जिथं डाग, तिथं भोक. भाऊ त्याच्याभोवती खडूनं गोल काढतात आणि तेवढ्याच जागी पुन्हा टाका देतात. हल्ली रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल वापरतात, ते जरा आळशी आहे, वाट पाहायला लावतं. डार्करूममध्ये डेव्हलपरच्या ट्रेत कोऱ्या कागदावर चेहरा यायचा, ती वाट पाहण्याची सवय मला आहेच. त्या डागांचे मी पुष्कळ फोटो काढले. माझ्या मते डोंग्याचा याहून खरा फोटो नाही. पण त्यात सूर्यास्त नाही, म्हणून तो स्पर्धेला चालणार नाही.

पेडल बोटींचं काम भाऊंचा मुलगा करतो. फायबरची बोट फुटली की भेग आधी दोन्ही बाजूंनी उताराची घासून रुंद करायची, पुसून कोरडी करायची, मग काचेच्या धाग्याची मॅट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर द्यायचे आणि रोलरनं दाबून आतली हवा काढायची. हवेचा फुगा राहिला तर तिथूनच पुन्हा फुटणार. रेझिन घट्ट व्हायला हार्डनर लागतो, साधारण शेकडा एक-दोन भाग. थंडीत ते निवांत धरतं. आपल्या उन्हाळ्यात मात्र डब्यातच घट्ट होऊन डबा तापतो, म्हणून हार्डनर कमी आणि काम पहाटे. रेझिनला वेग देणारं जांभळं कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन कधीही थेट एकत्र ओतायचे नाहीत, भडका होतो. हे त्या पोरानं मला पहिल्याच भेटीत दरडावून सांगितलं, कारण मी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून त्यांचा फोटो घेत होते. काचेची बारीक कूस अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. तो बाह्या मनगटापर्यंत ओढून, तोंडाला दुपट्टा बांधून काम करतो. एका छायाचित्रकारानं त्याला दुपट्टा काढायला सांगितला होता, चेहऱ्यावर भाव दिसावेत म्हणून!

येणाऱ्या छायाचित्रकारांविषयी मला राग नाही. मुलं हौशी असतात, पेट्रोल जाळून येतात, उन्हात उभी राहतात. पण ती आधीच ठरवून आलेली असतात. त्यांना फेकजाळं हवेत गोल फुललेलं हवं असतं. भाऊंना दुपारी बारा वाजता जाळं फेकायला सांगतात, त्या वेळी तिथं कुणी जाळं फेकत नाही. म्यानमारमध्ये इन्ले तलावावर एका पायानं वल्हं मारणाऱ्या काही कोळ्यांची पर्यटकांपुढे पोझ देण्यातच कमाई होते, तसं आपल्याकडेही हळूहळू होईल. भाऊ एकदोनदा फेकून दाखवतात, शंभराची नोट घेतात, आणि मला म्हणतात, “मासे त हासत असतीन जी.” प्री-वेडिंगवाल्यांची एक जोडी ताज्या डांबराच्या डोंग्यात उभी राहिली होती. नवरीच्या घागऱ्याला डांबर लागलं. भांडण भाऊंशी झालं. ओल्या डांबराचा वास कुणाला कसा आला नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

खरी तक्रार माझी काळ्या आकृतीची आहे, आणि ती आपल्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानाशीही आहे. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त आणि त्यापुढे डोंग्यातल्या माणसाची काळी छाया, हा फोटो नागपूरच्या वाचकानं किती वेळा पाहिला असेल? तांत्रिक कारण सोपं आहे. पाण्यावर प्रकाश इतका असतो की कॅमेऱ्याचं मीटर त्यालाच खरं मानतं आणि माणूस काळा पडतो. आळसातून निघालेला फोटो आपण कला म्हणून छापतो. चेहऱ्यावर मोजमाप घ्या, पाणी पांढरं फटक पडलं तर पडू द्या. मी तर भाऊंच्याच शेडमधला थर्माकोलचा तक्ता उलट्या बाजूनं धरायला लावते, चेहऱ्यावर छान उजेड येतो. खर्च शून्य.

आपल्या पुरवणीच्या पहिल्या पानावर छायाचित्रणाचा इतिहास दिला आहे, त्यात १९ ऑगस्ट १८३९ ला फ्रेंच सरकारनं लुई दागेरनं शोधलेली छायाचित्रणाची पद्धत जगाला खुली केली हे बरोबर लिहिलं आहे. त्याच दागेरनं आदल्या वर्षी पॅरिसच्या एका रस्त्याचं चित्र घेतलं होतं, ते मात्र राहून गेलं. तेव्हा प्लेट काही मिनिटं उघडी ठेवावी लागे, त्यामुळे वाहत्या रस्त्यावरच्या गाड्या, घोडे, माणसं काहीच उमटलं नाही. एक जण मात्र उमटला, कारण तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. पायाशी वाकलेला पॉलिशवालाही अंधूक दिसतो. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून त्या गिऱ्हाइकाची गोष्ट जगभर सांगतात. नाव दोघांचंही कुणाला ठाऊक नाही. इतक्या वर्षांनी आपण निदान पॉलिशवाल्याला नाव विचारायला हरकत नसावी. (भाऊंचं नाव मी इथं दिलेलं नाही, ते त्यांनीच नको म्हटलं म्हणून. विचारलं होतं.)

उत्तेजनार्थ बक्षिसांत कोकणातला एक फोटो आहे, माडाच्या झापांखाली झाकलेल्या होड्यांचा, ‘थांबलेलं आयुष्य’ म्हणून. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या असतात, पण आयुष्य कसलं थांबतं? जाळी विणायची, इंजिनं खोलायची, फळ्या बदलायच्या, फटींत कापूस ठासायचा, ही त्याच दिवसांतली कामं. आणि तिथं होडी आमच्यासारखी बुडवून ठेवता येत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, तो पठाणापासून, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यापासून, फळ्यांपर्यंत सगळं चाळण करतो. पूर्वी त्यासाठी मुशीच्या यकृताचं तेल चोपडायचे. गोड्या पाण्यात जे लाकडाला तारतं, ते समुद्रात त्याला मारतं. या दोन छायाचित्रांखाली एवढं जरी छापलं असतं, तरी वाचकाला पान उलटण्याआधी थांबावंसं वाटलं असतं.

चित्रात काम दिसलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे. त्या चित्रावरून भारतीय नौदलासाठी एक जहाज बांधलं गेलं, ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. गोव्यात बाबू शंकरन या केरळच्या मुख्य कारागिराच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून ते तयार केलं, खिळे न मारता. नकाशा नव्हता, आराखडा नव्हता, चित्र होतं. अर्थात चित्रातून सगळं कळलं नाही, मद्रास आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या, आणि शिवायचं कसं ते कारागिरांच्या हातात होतं. तरी त्या चित्रकारानं डोलकाठ्या, शिडं, मागचं सुकाणूचं वल्हं, आत ठेवलेली भांडी हे सगळं पाहून काढलं होतं म्हणून एवढं तरी शक्य झालं. त्याला जर नुसती करुण शांतता रंगवायची असती, तर नौदलाला काय मिळालं असतं?

आपली स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. पहिल्या क्रमांकाचा मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो फार सुरेख आहे, गर्दीतही प्रत्येक चेहरा वेगळा लागला आहे, त्या मुलीचं अभिनंदन. दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस काढून घ्या असंही नाही. उजेड चांगला पकडला आहे, चौकट नीट आहे. ओळ तेवढी दुरुस्त करून छापा, आणि शक्यतो त्याच पानावर, आतल्या कोपऱ्यात नको, कारण शिंगाडेवाला आतलं पान वाचत नाही. छायाचित्रकारालाही माझं सांगणं आहे, की बक्षिसाच्या पैशांतून एक चांगली प्रिंट करून भाऊंना नेऊन द्या. एवढे लोक येऊन फोटो काढून गेले, पण शेडमध्ये आज टांगलेले आहेत ते माझेच, नाहीतर कॅलेंडर. फोन नंबर घेतात, पाठवतो म्हणतात, पाठवत नाहीत. स्टुडिओच्या काळात गिऱ्हाइकाला प्रिंट दिल्याशिवाय काम पुरं झालं असं आम्ही धरत नव्हतो.

प्रवेशिकेत आपण कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटर किती हे सगळं विचारता. त्याखाली अजून एक रकाना घाला: या छायाचित्रात काय चाललं आहे, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं? रकाना रिकामा असेल तर प्रवेशिका बाद करू नका, पण ओळही स्वतःच्या मनानं लिहू नका. नुसतं ‘तलावातील डोंगा’ छापा. तेवढं खरं असतं.

आणि एक विषय सुचवते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, आणि ज्या रस्त्यांवरून आपण भाजीला जातो त्या रस्त्यांवरून माणसांना रबरी बोटींतून काढावं लागलं. सगळ्या वर्तमानपत्रांत नारिंगी बोटींचे फोटो होते. मोठे होते, चांगले होते. पण रबरी बोट वापरून झाली की तिच्यातला चिखल धुवावा लागतो, ती पूर्ण वाळवून मगच घडी घालावी लागते, नाहीतर सांध्यांचा डिंक सुटतो आणि बुरशी धरते. हवेच्या कप्प्यांना मधूनमधून साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावं लागतं, भाऊंच्या चुना-रॉकेलसारखंच. हे काम करणारी माणसं या शहरात असणारच, आणि ती कुठंतरी गोदामात, ट्यूबलाइटखाली ते करत असणार. पावसाळा अजून संपलेला नाही. आपला छायाचित्रकार तिथं पाठवा आणि त्याला परत यायची घाई करू देऊ नका. बातमी ती आहे.

पुढच्या वर्षीच्या परीक्षक मंडळाविषयी एक सूचना करून थांबते. या वर्षी तीन परीक्षक होते, तिघेही छायाचित्रणातले जाणकार. त्यांच्यात एक हातानं काम करणारा माणूस घ्या, सुतार, वेल्डर, ढीवर, गवंडी, कुणीही. दगड, दोरी आणि खुंट त्याला पहिल्या नजरेत दिसले असते. मानधन मात्र बाकीच्यांपेक्षा जास्त द्या, कारण परीक्षणाला बसला की त्याचा त्या दिवसाचा रोज जातो.

आपली,
एक जुनी वाचक
महाल, नागपूर